वीस गुंठ्यांतली सटवाई

आमच्या गावात दवाखाना व्हायला हवा, याबद्दल आमच्या घरात कुणाचं दुमत नव्हतं. तो आमच्या रानात नको, एवढंच आमचं म्हणणं होतं. हे म्हणणं आम्हाला इतकं रास्त वाटायचं की चारचौघांत बोलून दाखवतानाही कधी अवघडल्यासारखं झालं नाही. मला तर नाहीच नाही.

गाव म्हणजे माझं सासर, मांजरी गावाच्या शिवेला लागून. मी मूळची शहरातल्या कसबा पेठेतली. वडिलांचं भुसार मालाचं दुकान आणि दुकानाच्या वरच आम्ही राहायचो. लग्न होऊन आले तेव्हा इथं जिकडे बघावं तिकडे ऊस होता, आणि सासरच्यांना माझं बोलणं पुस्तकी वाटायचं. पाहुणे आले की सासरे म्हणायचे, "आमची सून पेठंतली हाय, तिला इचारा." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना घरात आणि गावात सगळे आबाच म्हणत.

पुढे गाव शहरात घेतलं. घरपट्टी आली आणि तिच्या पाठोपाठ नकाशा आला. त्या नकाशात आमच्या रस्त्याकडेच्या वीस गुंठ्यांवर तिरप्या रेघा मारलेल्या होत्या. आबांनी कागद माझ्या हातात दिला. मी मोठ्यानं वाचलं, "प्रसूतिगृह व बालआरोग्य केंद्र."

"म्हंजी?"

"बाळंतिणींचा दवाखाना, आबा."

"अख्ख्या गावाला आमच्याच रानात बाळंत व्हायचंय व्हय!" आबा म्हणाले आणि त्यांनी पानाची पिचकारी अशी काही मारली की ती थेट तुळशीपर्यंत गेली.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. मागचं रान खडकाळ, पाण्यावाचून पडलेलं. काय किंमत होती ती या रस्त्याकडेच्या तुकड्याला. एक बिल्डर पेढे घेऊन दोनदा येऊन गेला होता. दवाखान्याला जमीन दिली तर हातात पैसे पडणार नव्हते, टीडीआरचा, म्हणजे दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करायच्या हक्काचा, कागद पडणार होता, आणि कागदावर आबांचा विश्वास नव्हता. एरवी कुणाच्या बांधावरून ते कोर्टात गेले नाहीत, पण या वीस गुंठ्यांसाठी त्यांची झोप उडाली.

आता माझं सांगते. माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली, कसब्याजवळच्या प्रसूतिगृहात. आमच्या दुकानापासून चालत गेलं तरी कळ दोनदा यायच्या आत पोचावं, इतकं जवळ. केसपेपरचे पैसे सोडले तर वडिलांना काही द्यावं लागलं नाही. तिथल्या सिस्टर तोंडाच्या फटकळ होत्या. "ओरडून बाळ लवकर येत नाही, बाई," असं म्हणायच्या, पण हात सोडायच्या नाहीत. थोरल्याच्या वेळी तो जन्मला आणि रडला नाही. सिस्टरनी त्याला उचलून दिव्याखालच्या टेबलावर ठेवलं, तोंड साफ केलं, नाकातोंडावर रबरी फुगा धरून दाबला, आणि मग कार्टं असं रडलं की बाहेर माझ्या आईनं हात जोडले. मुलगा आता पस्तिशी ओलांडून गेला. त्या खोलीतलं टेबल, तो फुगा, त्या सिस्टरचा पगार, हे सगळं कुणाच्या तरी पैशातून आलं होतं, कुठल्या तरी बजेटात कुणीतरी लिहिलं होतं. मला तेव्हा हे सुचलंसुद्धा नाही. नळाला पाणी येतं तसा दवाखाना असतो, असं मी धरून चालले होते.

इथल्या बायका मात्र कळा सुरू झाल्या की टेम्पोत नाही तर रिक्षात बसून शहराकडे निघायच्या. मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि मी हळहळतही होते. हळहळायला काही लागत नाही.

नगरसेवक घरी आला. आबांचा लांबचा भाचा. चहा पिता पिता म्हणाला, "मामा, बजेटला तरतूद पडलीय. इमारत, खाटा, डॉक्टरीणबाई, नर्सा, सगळं धरलंय त्यात. मी किती भांडलोय त्याच्यासाठी, तुम्हाला काय सांगू. जागेचा ताबा तेवढा द्या. मार्चच्या आत काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर पैसा दुसरीकडं जाईल."

"जाऊ दे की मग," आबा म्हणाले.

तो गेल्यावर घरात खलबत बसलं. आबा, आमचे हे, धाकटे दीर, आणि दाराशी मी. दीर म्हणाले, म्हसोबा बसवू. आमच्या भागात हा रिवाजच होता म्हणा ना. जागेवर असं सरकारी आरक्षण पडलं की लोकांना अचानक देव सापडायचे. शेंदूर फासलेला दगड असला की सरकारी माणूस चार पावलं लांब उभा राहतो. आबांना पटलं. आणि तिथं मी तोंड घातलं.

"म्हसोबाला विचारतंय कोण? बाप्यांचा देव. दोन पोलीस आले की बाप्ये पांगतात. सटवाई बसवा. बायका लेकरं घेऊन येतील, ओट्या भरतील. ओली बाळंतीण समोर बसलेली असताना टेप लावायची कुणाची छाती होतीय ते बघू."

मग आबा मोठ्यानं हसले. "पेठंतलं डोकं!" म्हणाले, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता. अहो, त्या घरात येऊन इतकी वर्षं झाली होती, पोरं मोठी झाली होती, आणि माझा शब्द पहिल्यांदा खाली पडला नव्हता. मला काय वाटलं म्हणून सांगू! मी फुगले. त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या, कुणी सांगितलं नसताना.

सटवाई कोण हे मला सांगायला नको होतं. बाळाच्या पाचवीला ती येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. म्हणून तर पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवायचं. माझ्या दोन्ही पोरांच्या पाचवीला आईनं ठेवलं होतं. अशा देवीशी खेळतोय, हे माझ्या मनात आलं नाही का? आलं. पण दगडच तर आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि दगड कोणता, तर गोठ्यामागचा धुण्याचा. ज्याच्यावर मी माझ्या पोरांची दुपटी घासली होती, तोच. एका बाजूनं गुळगुळीत झालेला, म्हणून बरा दिसला. दीर आणि यांनी तो भर दुपारी बैलगाडीत घालून कडुनिंबाखाली नेऊन रोवला. तेलात शेंदूर कालवून मी माझ्या हातानं लावला, चांदीचे डोळे बसवले, हिरवा खण घातला. मागं सरून बघितलं, आणि खरं सांगते, मलाच हात जोडावेसे वाटले.

मग प्रश्न आला स्वप्नाचा. देव असा उगाच येत नाही, कुणाच्या तरी स्वप्नात आधी यावा लागतो. "आबांच्या स्वप्नात सटवाई कशाला येईल," दीर म्हणाले, "ती बाईमाणसाच्याच येणार." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काय, आली माझ्या स्वप्नात. हिरवं लुगडं नेसून उसाच्या कडेला उभी होती, आणि म्हणाली, पोरी, मला उन्हातून सावलीत घे. शेजारणींना सांगताना मी 'पोरी' शब्दावर थोडी थांबले. कुणी शिकवलं नव्हतं, आपसूक जमलं. एका म्हातारीच्या अंगावर काटा आला. ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले, पण उशिरा.

मोजणीवाले आले तेव्हा दोन बायका सव्वा महिन्याची लेकरं घेऊन ओटी भरायला बसल्या होत्या. मी निरोप पाठवून बोलावल्या होत्या, हेही सांगूनच टाकते. मोजणीवाल्यांबरोबर एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. उन्हानं लाल झालेली. तिनं चपला बाहेर काढल्या, देवीला नमस्कार केला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, आपण शिकलेल्या दिसता. इथं प्रसूतिगृह होणार आहे हो. बायकांसाठीच आहे ना ते."

"अहो, मग सटवाई काय बाप्यांसाठी आहे?" मी म्हणाले.

सगळ्या हसल्या. तिचे लोकही हसले. ती नाही हसली. टेप गुंडाळायला सांगितलं आणि जाताना पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. कसब्यातल्या बाईनं एखाद्याचं तोंड बंद केलं की तिला जो आनंद होतो, तो मला दिवसभर पुरला. आज ते वाक्य आठवलं की हातातलं काम टाकून उठावंसं वाटतं.

मार्च गेला. पुढचाही गेला. कुणाच्याशा लग्नात पंगतीला नगरसेवक शेजारी बसला होता. मी विचारलं, दवाखान्याच्या पैशाचं काय झालं हो? तर म्हणाला, "वर्गीकरण झालं, वहिनी." म्हणजे ज्या कामासाठी पैसा ठेवला ते काम होत नाही म्हटल्यावर तो दुसऱ्या कामाला लावायचा. कुठल्या कामाला? तर रस्त्याच्या मधले दुभाजक आणि त्यातल्या फुलझाडांच्या कुंड्या. "पैसा काय, थांबत नाही," असं म्हणून त्यानं जिलबी मागितली. मीही घेतली.

आरक्षण कागदावर राहिलं आणि सटवाई जागेवर. मागचं रान बिल्डरला गेलं, तिथं इमारती उभ्या राहिल्या. आम्ही घरामागं भाड्याच्या खोल्या काढल्या. आबा गेले. आणि सटवाईचं प्रस्थ वाढतच गेलं. नवीन इमारतींतल्या बायकाही यायला लागल्या, जीन्स घातलेल्या, मोबाईलवर फोटो काढणाऱ्या. मग तिला सभामंडप मिळाला. कुणाच्या तरी निधीतून पत्रे आले, फरशी आली, बाकं आली. प्रत्येक बाकाच्या पाठीवर 'यांच्या सौजन्याने' रंगवलेलं. म्हणजे सरकारी पैसा त्या वीस गुंठ्यांत शेवटी आलाच. महिन्यातून एकदा नर्सताई लशींचा डबा घेऊन यायच्या, त्या त्याच मंडपात बसायच्या, कारण गावात दुसरी सावलीची जागा नव्हती. सटवाईसमोर लेकरं सुई टोचून घेऊन रडायची आणि मी त्यांना खडीसाखर द्यायची. पुजारीण मीच होते ना.

असं चाललं होतं. मला बोचत नव्हतं असं नाही, पण बोचण्याचीही सवय होते.

मग आमच्या मागच्या खोलीत ती राहायला आली. लातूरकडची, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. नवरा इमारतींवर सेंट्रिंगचं काम करायचा, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. ती दिवसभर एकटी. भाकरी अशी करायची की मी लाजेनं माझ्या भाकरीवर फडकं टाकायची. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि दर वाक्याला "ओ काकू." दिवस गेले तेव्हा नवऱ्याच्या आधी मला सांगितलं. तिची आई लहानपणीच गेलेली, बापानं दुसरं लग्न केलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर तिला माहेरच नव्हतं.

"मी आहे ना," मी म्हणाले. "माझ्याकडेच तुझं माहेर. अळीव मी करते, डिंकाचे लाडू मी करते. तू फक्त खा."

ती रडली. आणि मलाही फार बरं वाटलं. का बरं वाटलं, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. कुठंतरी फेडायची संधी दिसली होती मला.

नाव शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घातलं होतं. दर खेपेला मी बरोबर जायची. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, कळा सुरू झाल्या की लगेच या, उशीर करू नका, लांबून येता तुम्ही. मी म्हटलं, घरी गाडी आहे, काळजी नको. ती मात्र रोज संध्याकाळी सटवाईपाशी जाऊन बसायची. मी तिला ओरडले एकदा, "अगं, त्या दगडासमोर फरशीवर किती वेळ बसतेस, पाय सुजलेत बघ." तर दात दाखवून हसली. "तुमच्या सपनात आलती ना ओ काकू ती? मग तुमच्याच घरची झाली की. माझ्या लेकराचं चांगलं लिवायला सांगा तिला."

मी म्हणाले, सांगते.

कळा सकाळी सुरू झाल्या, तारखेच्या आठवडाभर आधी, आणि भराभर वाढत गेल्या. नवरा कामावर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. यांनी गाडी काढली, मी तिला घेऊन मागं बसले. रेल्वे फाटकापर्यंत पोचलो आणि फाटक पडलं. आमच्या पुढं ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, शाळेच्या गाड्या. मागं तेवढीच रांग. मागं वळायलाही जागा नाही. एक मालगाडी गेली. फाटक उघडत नाही, दुसरी येतीय म्हणाले. हे उतरून फाटकवाल्याकडे पळाले. तो बिचारा काय करणार, गाडी समोर दिसत होती. ती माझ्या दंडाला धरून "काकू, काकू" म्हणत होती. मी तिला म्हणाले, "ओरड, काही होत नाही." आणि तिथंच, मागच्या सीटवर, बाळ आलं.

मुलगी होती. पुरती वाढलेली दिसत होती, केस काळेभोर. रडली नाही.

मी कधीतरी बघितलेलं सगळं केलं. तोंडात बोट घालून पुसलं, पाय चोळले, पाठ चोळली, पालथी धरली. माझ्या डोळ्यांसमोर ते टेबल होतं, ती सिस्टर होती, तो रबरी फुगा होता. गाडीत काय होतं? पाण्याची बाटली आणि माझा पदर. तोंडावर तोंड ठेवून फुंकर मारली, कशी मारायची ते माहीत नसताना. एकदा तिची छाती हलल्यासारखी वाटली. फाटक उघडलं तेव्हा मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. हे गाडी चालवत होते आणि मोठ्यानं रडत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

रस्त्यात जो पहिला दवाखाना लागला तिथं शिरलो. डॉक्टरांनी बाळ माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ आत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "जन्मल्या जन्मल्या श्वास सुरू करून द्यायला हवा होता. अवघड नसतं ते. पण जवळ सामान आणि करणारं माणूस लागतं." ते मला दोष देत नव्हते. माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. मी तिथल्या बाकावर बसले. आमच्या घरापासून ते वीस गुंठे गाडीनं नव्हे, चालत जायच्या अंतरावर. कळ दोनदा यायच्या आत पोचलो असतो.

तिला नवरा गावाकडे घेऊन गेला. खोलीला कुलूप. मी केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच. त्या दिवसांत मी घरात असं काही भांडले की शेजारचे येऊन बघून गेले. "जमीन देऊन टाका. आजच्या आज जाऊन ताबा द्या," मी यांना म्हणाले. "दगड मी उपटते."

हे शांतपणे म्हणाले, "कुणाला देतेस ताबा? तरतूद कुठाय आता? पहिल्यापासून सगळं करावं लागंल, आणि ते करील कोण. आणि दगड उपटतीस व्हय? जा, उपट. त्या इमारतींतल्या बाया तुला उपटतील आधी." मग म्हणाले, "कल्पना कुणाची होती?"

बायकोला एवढंच बोलायचा त्यांना हक्क होता आणि तेवढंच ते बोलले. तरीही मी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाले, "काकू, आता ते देवस्थान झालंय. लोकांची श्रद्धा आहे. आपण अर्ज द्या, मी वर पाठवतो, पण खोटी आशा लावत नाही." अर्ज दिला. पोच घेतली. घरी आले आणि दिवा लावायला मंडपात गेले, कारण तिन्हीसांजा झाल्या होत्या आणि बायका वाट बघत बसल्या होत्या.

सव्वा महिन्यानं ती परत आली. वाळलेली. खोलीचं कुलूप उघडायच्या आधी सरळ मंडपात आली. दुपारची वेळ, मी एकटीच फरशी पुसत होते. तिच्या पिशवीत खण होता, नारळ होता, हिरव्या बांगड्या होत्या.

"काकू," ती म्हणाली, "माझं काय चुकलं ओ?"

"काही नाही चुकलं गं पोरी."

"नाय, कायतरी चुकलंय. सासू म्हणती, सटवाईचं कायतरी ऱ्हायलं. मी पाळीच्या दिवसांत हिच्या अंगणातनं गेलते का कधी? का फरशीवर पाय पसरून बसायचे म्हणून रागावली? तुम्ही ओरडला होता एकदा, मी ऐकलं न्हाई." तिनं माझा ओला हात धरला. "तुमच्या सपनात येती ती. तुम्ही इचारा की तिला. माझंच लेकरू का? मी ओटी घेऊन आलेय. माफी मागते. पण पुढच्या वेळी तरी..."

मला तिच्याकडे बघवेना. आम्ही तिचा दवाखाना खाल्ला होता, तिचं लेकरू खाल्लं होतं, आणि माफी ती मागत होती. माझ्या दगडाची. हे मात्र मला सहन होईना. जमीन आता देता येत नव्हती, बाळ देता येत नव्हतं. पण हे ओझं तिच्या डोक्यावर राहू द्यायचं का, एवढं माझ्या हातात होतं.

"बस," मी म्हणाले. "ऐक. ही सटवाई नाही."

मी तिला सगळं सांगितलं. नकाशा, तरतूद, धुण्याचा दगड. शेंदूर कुणी लावला ते सांगितलं. स्वप्न पडलंच नव्हतं, ते मी रचलं, हे सांगितलं. इथं, तू बसलीस तिथं, बाळंतिणींचा दवाखाना व्हायचा होता, आणि तो होऊ नये म्हणून मी हिला बसवली. तुझं काही चुकलं नाही. तू कुठूनही गेलीस, कशीही बसलीस तरी काही चुकलं नाही.

तिच्यासारखी बडबडी पोर, पण मध्ये एकदाही ओ काकू म्हणाली नाही. माझं संपल्यावर तिनं दगडाकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग माझ्या लेकराचं लिवलं कुणी?"

मला वाटलं होतं ती ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर घेतल्या असत्या.

"आम्ही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, कळल्यासारखी. नारळ, खण, बांगड्या एकेक करून पिशवीत परत टाकल्या. उठली. दाराशी चपला घालताना म्हणाली, "सासूला सांगते मग. माझं काय ऱ्हायलं नव्हतं म्हणून." आणि गेली. महिनाअखेरीला त्यांनी खोली सोडली.

मी तिथंच बसून राहिले. किती हलकं वाटायला हवं होतं, खरं बोलल्यावर वाटतं म्हणतात तसं. तसलं काही वाटलं नाही. संध्याकाळी मागच्या इमारतीतली एक तरुण मुलगी आली, सात-आठ महिन्यांची गरोदर, नोकरीवरून थेट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली. ती वाकून नमस्कार करून उठली आणि जरा घाबरतच म्हणाली, "काकू, एक विचारू? सगळे सांगतात ते खरं आहे का? देवी खरंच तुमच्या स्वप्नात आली होती?"

बाकावर चार-पाच बायका बसल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "हो."